किमोनंतर लक्ष लागत नाही, शब्द आठवत नाहीत: संगीतोपचाराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपचार संपले, रिपोर्ट चांगले आले, तरी डोकं पूर्वीसारखं चालत नाही. हे खरंच असतं की मनाचे खेळ?

खरंच असतं. ओटीपी वाचून तो टाइप करेपर्यंत शेवटचे दोन आकडे निसटतात. रोज भेटणाऱ्या शेजारणीचं नाव ओठांवर येऊन अडकतं. गॅसवर दूध ठेवून माणूस दुसऱ्या खोलीत जातो आणि वास आल्यावरच त्याला आठवतं. चार जण एकदम बोलू लागले की कुणाचंच काही कळत नाही. बोलीभाषेत याला ‘किमो ब्रेन’ म्हणतात, पण दोष एकट्या किमोचा नसतो. अभ्यासागणिक आकडे बदलतात, तरी साधारण चित्र असं आहे: उपचार सुरू होण्याआधीच सुमारे ३० टक्क्यांपर्यंत रुग्णांत, उपचार चालू असताना ७५ टक्क्यांपर्यंत, आणि उपचार संपल्यावरही महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षं ३५ टक्क्यांपर्यंत लोकांत हा त्रास आढळतो. यातले बरेचसे अभ्यास स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर झाले आहेत.

हा स्मृतिभ्रंश नव्हे. स्मृतिभ्रंशात आठवण बहुधा साठतच नाही, त्यामुळे खूण देऊनही ती परत येत नाही. इथे लक्ष विस्कटलेलं असल्यामुळे गोष्ट नीट आत शिरत नाही, किंवा शिरलेली वेळेवर बाहेर येत नाही. थोडी खूण मिळाली, थोडा वेळ मिळाला की बहुतेकदा आठवतं. पुढचा सगळा सराव याच फरकावर उभा आहे.

असं का होतं?

कारणं अनेक आणि एकात एक गुंतलेली. मेथोट्रेक्सेट, ५-एफयू, सिस्प्लॅटिन, डॉक्सोरुबिसिन यांसारखी औषधं, शरीरात वाढलेला दाह, रक्तक्षय, टॅमोक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखे हार्मोनचे उपचार, अकाली आलेली रजोनिवृत्ती, डोक्याला दिलेलं रेडिएशन (बरेच जण त्याला ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात), मोडलेली झोप, भीती. कोणाच्या बाबतीत यातलं किती, हे सांगता येत नाही. पण यातली काही कारणं दुरुस्त होण्याजोगी असतात, म्हणून पुढचा प्रश्न कृपया वगळू नका.

संगीतोपचार सुरू करण्याआधी काय तपासून घ्यावं?

आपल्या ऑन्कोलॉजिस्टना सांगून हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२, ड जीवनसत्त्व, सोडियम, कॅल्शियम आणि साखर बघून घ्या. मानेला रेडिएशन झालं असेल तर टीएसएच विशेष महत्त्वाची. महाराष्ट्रात तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे रुग्ण पुष्कळ. त्यांच्यात थायरॉइड काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी मंदावते आणि विचारही मंदावतात. अशा रुग्णांची ही तपासणी दर ६ ते १२ महिन्यांनी व्हायला हवी. थायरॉइडची गोळी हवी असताना नुसता तालाचा सराव केला तर वेळ वाया जातो.

औषधांची पिशवी घेऊन जा आणि एकेक गोळी दाखवा. हातापायांना येणाऱ्या मुंग्यांसाठी दिलेली गॅबापेंटिन किंवा प्रीगाबालिन, झोपेच्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, तीव्र वेदनाशामकं ही सगळी लक्षावर परिणाम करतात. मात्र कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका.

कानही तपासा. सिस्प्लॅटिनमुळे आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं. स, श, च यांसारखे वर्ण पुसट होतात. माणसाला वाटतं आपण विसरलो, प्रत्यक्षात ते नीट ऐकूच आलेलं नसतं.

कोणती लक्षणं दिसली तर थेट रुग्णालय गाठायचं?

अचानक आलेला गोंधळ, फिट, एका बाजूची शक्ती जाणं, बोलणं लडखडणं, सकाळी उठल्यावर डोकेदुखीसह उलट्या, तापात बरळणं. यांत एक तासही थांबू नका. मेंदूतली सूज, संसर्ग, सोडियम घसरणं किंवा कॅल्शियम वाढणं यांपैकी काहीही असू शकतं.

आम्ही घरी गाणी ऐकतोच. मग संगीतोपचार वेगळा कसा?

मनाला बरं वाटावं म्हणून गाणी ऐकणं चांगलंच, पण तो उपचार नव्हे. शस्त्रक्रियेआधी परिचारिका हेडफोन लावून देते, तोही संगीताचा वैद्यकीय वापर झाला, संगीतोपचार नव्हे. संगीतोपचारात प्रशिक्षित व्यक्ती आधी तुमची अडचण मोजते, रोजच्या व्यवहारातलं एक उद्दिष्ट ठरवते, त्यासाठी संगीताची ठरावीक कृती बेतते आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजते.

मेंदूच्या कामकाजासाठीची जी शाखा आहे तिला न्यूरोलॉजिक म्युझिक थेरपी म्हणतात. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात मायकेल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बांधली. लक्षासाठी, स्मृतीसाठी, नियोजनासाठी तिच्यात वेगवेगळी तंत्रं आहेत. त्यांची मूळ वाद्यं आणि उदाहरणं पाश्चात्त्य असली तरी गाभा हा की ठोक्याच्या आधाराने लक्ष बांधायचं. आपल्याकडे तर टाळी-खाली हाताने मोजत गाणं ऐकायची रीतच आहे, त्यामुळे हे तंत्र मराठी माणसाला परकं वाटत नाही.

याला पुरावा किती?

दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. कॅन्सरच्या रुग्णांतली चिंता, नैराश्य, वेदना आणि थकवा यांवर संगीताचा उपयोग होतो, याला बऱ्यापैकी आधार आहे. २०२१ सालच्या कोक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) ८१ चाचण्या आणि ५,५७६ सहभागी होते. या चाचण्यांचा दर्जा एकसारखा नाही, हेही त्याच आढाव्यात नोंदलेलं आहे.

स्मृती आणि लक्ष यांवर थेट परिणाम होतो का, याचा पुरावा कॅन्सरच्या बाबतीत अजून तुटपुंजा आहे. जवळचा भक्कम दाखला पक्षाघाताचा. हेलसिंकीत झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६० रुग्ण होते. काहींनी दोन महिने रोज किमान एक तास आवडीचं संगीत ऐकलं, काहींनी ध्वनिपुस्तकं, काहींनी यांपैकी काहीच नाही. संगीत ऐकणाऱ्यांची शब्दस्मृती आणि एकाग्रता इतर दोन्ही गटांपेक्षा जास्त सुधारली, आणि सहा महिन्यांनंतरही तो फरक टिकून होता. पण पक्षाघात म्हणजे किमो ब्रेन नव्हे, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा इकडे लावता येत नाही.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: व्यायाम, झोपेची दुरुस्ती आणि मानसतज्ज्ञांकडचं बोधनात्मक पुनर्वसन (लक्ष, स्मृती यांचा ठरवून केलेला सराव) यांच्या जोडीला संगीतोपचार घ्यावा, त्यांच्या जागी नव्हे. त्याची मोठी जमेची बाजू अशी की लोक हा सराव टिकवतात. कागदावरचे आकडे खोडण्याचा व्यायाम आठवड्याभरात कंटाळवाणा होतो. केरवा (आठ मात्रांचा ताल) होत नाही.

पहिल्या भेटीत काय होतं?

साधारण ६० ते ९० मिनिटं लागतात. अडचणींची प्रश्नावली भरून घेतात. फॅक्ट-कॉग नावाच्या प्रश्नावलीत गेल्या सात दिवसांतल्या अडचणी विचारतात. त्यानंतर काही छोट्या चाचण्या होतात: ऐकलेली शब्दांची यादी लगेच आणि वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा सांगणं, आकडे आणि अक्षरं आलटून पालटून रेषेने जोडणं, एका अक्षराने सुरू होणारे शब्द एका मिनिटात सांगणं. या चाचण्या मानसतज्ज्ञांनी घेतलेल्या उत्तम. स्मृतिभ्रंशासाठी वापरली जाणारी ३० गुणांची मोका चाचणी इथे एकटी पुरत नाही. किमो ब्रेनचे पुष्कळ लोक तिच्यात २७-२८ गुण मिळवतात आणि ‘तुम्हाला काहीच झालेलं नाही’ असं ऐकून परततात.

संगीताची आवड, शिक्षण, घरी कोणती वाद्यं आहेत, कोणती गाणी नकोशी वाटतात हेही विचारलं जातं. शेवटी उद्दिष्ट ठरतं. ‘स्मरणशक्ती वाढवणं’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘आठवड्यात पाच वेळा गॅस चालू राहतो, ते प्रमाण एकावर आणणं’ हे उद्दिष्ट.

नेहमीचं सत्र कसं असतं?

बहुधा ४५ मिनिटं, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, ८ ते १२ आठवडे. सुरुवातीची पाच मिनिटं तानपुऱ्याच्या सुरात श्वास आणि हुंकार. पंधरा मिनिटं लक्षाचं काम, दहा मिनिटं स्मृतीचं. मग पाच मिनिटं विश्रांती. ती कापायची नाही. उरलेल्या दहा मिनिटांत जमलेली गोष्ट घरच्या कामाला जोडायची: तालावर लक्ष धरून भाजीची यादी ऐकायची आणि परत सांगायची, असं काहीतरी. हा शेवटचा भाग गाळला की माणूस ताल उत्तम धरू लागतो आणि दूध मात्र उतू जातच राहतं. संगीतोपचार फसण्याचं सगळ्यात मोठं कारण आमच्या मते हेच.

सत्र सकाळी ठेवावं. किमो चालू असेल तर डोस झाल्यानंतरचे दोन-तीन दिवस टाळावेत.

लक्षासाठी तालाचा सराव नेमका कसा करायचा?

चार पायऱ्या आहेत. एक पक्की झाल्याशिवाय पुढची घ्यायची नाही. दोन मिनिटांच्या फेरीत दोनपेक्षा जास्त चुका झाल्या नाहीत, असं सलग तीन दिवस जमलं की पायरी पक्की समजा.

पहिली पायरी: लक्ष टिकवणं. मोबाइलवर तबल्याचं ॲप लावा, केरवा, मिनिटाला ८० मात्रा (ठोके). धा गे ना ती, न क धि न. पहिल्या मात्रेला टाळी, पाचवीला खाली, म्हणजे हात उताणा. दोन मिनिटं. लय अगदी संथ केली की सोपं जाईल, असं सगळ्यांना वाटतं. होतं उलटं. ४० मात्रांच्या लयीत दोन ठोक्यांमधलं अंतर मनात धरून ठेवावं लागतं आणि तिथेच लक्ष निसटतं. म्हणून सुरुवात ८० ते १०० मात्रांनी करा. लय पुढे हळूहळू उतरवत नेणं ही अवघड पातळी.

दुसरी पायरी: निवडून लक्ष देणं. तबला आणि हार्मोनियम एकत्र असलेलं वाद्यसंगीत लावा. हार्मोनियम थांबून नुसता तबला राहिला की बोट वर करायचं. बाकी काहीही झालं तरी हात मांडीवर. पुढे घरातले आवाज चालू ठेवून हेच करा: मिक्सर, टीव्ही, कुकरची शिट्टी. घरात लक्ष विस्कटतं ते याच आवाजांत, मग सराव तरी शांत खोलीत किती दिवस करायचा?

तिसरी पायरी: लक्ष फिरवणं. समोरच्याने ‘बदल’ म्हटलं की केरव्यातून दादऱ्यात जायचं, आठ मात्रांतून सहांत. धा धी ना, धा ती ना. सुरुवातीला बदल दर आठ आवर्तनांनी (आवर्तन म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी), मग चारांनी, मग न सांगता केव्हाही. दादऱ्यात गेल्यावर हात जुन्याच सवयीने पाचव्या मात्रेला उताणा होतो, ही नेहमीची चूक. दादऱ्याची खाली चौथीला आहे. चूक झाली की न थांबता पुढच्या समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) पकडायचं. ही पकड परत मिळवणं हाच खरा व्यायाम आहे.

चौथी पायरी: दोन गोष्टी एकत्र. हाताने केरवा चालू ठेवून तोंडाने भाज्यांची नावं, दर समेला एक. ते जमलं की महिन्यांची नावं उलटी: फाल्गुन, माघ, पौष. ताल बिघडला तर नावं थांबवा, ताल सावरा, मग पुन्हा सुरू करा.

थोडं संगीत शिकलेल्यांनी रूपक घ्यावा. त्याच्या सात मात्रा, आणि सम खालीवर येते. समेवर टाळी वाजवायला हात उठतोच, तो आवरावा लागतो. आलेली ऊर्मी आवरणं हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम, आणि किमोनंतर तेही ढिलं पडलेलं असू शकतं.

स्मृतीसाठी सरगम कशी वापरायची?

समोरच्याने तीन स्वर म्हणायचे, तुम्ही परत म्हणायचे: सा ग रे. मग उलटे: रे ग सा. तिन्ही नीट आले की चार, मग पाच. उलट्या क्रमात पाच स्वर जमले तर उत्तम. सहाच्या मागे लागू नका. स्वर ओळीने आले (सा रे ग म) तर ते पाठ असतात, त्यात स्मृतीला काम नसतं, म्हणून क्रम तोडलेलाच द्यावा. सूर बेसूर झाला तरी चालेल. मोजायचा तो क्रम.

शब्द आठवत नाहीत, त्याला काय करावं?

अंताक्षरी. ऐकायला साधं वाटेल, पण एका अक्षरावरून शब्द काढायची जी चाचणी मानसतज्ज्ञ घेतात, तिच्याशी अंताक्षरीचं जवळचं नातं आहे. एक भेद मात्र ध्यानात ठेवा: पाठ असलेलं गाणं आपोआप बाहेर येतं. मुखडा आठवला की पुढच्या ओळी त्याला लागून येतात, बोलताना अडणारा शब्द असा येत नाही. म्हणून खेळात थोडा बदल करा. अक्षर आलं की आधी त्या अक्षराच्या तीन वस्तू सांगायच्या, मगच गाणं. ‘क’ आला की कात्री, कढई, कुलूप आणि मग गाणं. वेळ ३० सेकंद. कोणी घाई करायची नाही, कोणी आधी उत्तर फोडायचं नाही.

दुसरा प्रकार गाळलेल्या शब्दाचा. सोबत्याने ओळीतला एक शब्द सोडून गायचं, तो तुम्ही भरायचा. हे अगदी सोपं, त्यामुळे पहिल्या आठवड्यात धीर येण्यापुरतंच ठेवा.

गोळ्यांच्या वेळा चालीत बसवल्या तर लक्षात राहतात का?

राहतात, पण तीन अटींवर. चाल आधीपासून पाठ असावी, ती छोटी आणि प्रत्येक ओळीला तीच असावी, आणि एका वेळी पाचपेक्षा जास्त गोष्टी कोंबू नयेत. ओवीची, पाळण्याची किंवा आरतीची चाल यासाठी सोयीची. नवी चाल घेतली तर चालही लक्षात ठेवायची आणि गोळ्याही, असं ओझं दुप्पट होतं. बाहेर पडण्याची यादी (किल्ली, फोन, पाकीट, गोळी, गॅस) अशी बांधून दारात उभं राहून रोज म्हणावी. जागा ठरलेली असली की चाल आपोआप आठवते. किमोच्या गोळ्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र कधीही फक्त चालीच्या भरवशावर सोडू नका. त्यांना डबी आणि गजर हवाच.

घरी रोज किती वेळ?

१५ ते २० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. त्याहून जास्त केल्याने फायदा वाढत नाही, थकवा वाढतो. पहिल्या पाच मिनिटांपेक्षा शेवटच्या पाच मिनिटांत चुका जास्त होऊ लागल्या की त्या दिवसापुरतं थांबायचं. रेटून पूर्ण करायचं नाही. इच्छाशक्ती कमी पडते म्हणून असं होत नाही, मेंदू दमलेला असतो.

ऐकायला स्वतंत्र अर्धा तास ठेवायला हरकत नाही. इअरफोनचा आवाज ६० टक्क्यांच्या वर नको. आधीच कानात गुंजन असेल तर इअरफोनऐवजी खोलीतला स्पीकर बरा.

मला गाता येत नाही, संगीताचा गंध नाही. चालेल?

चालेल. या सरावात सुरेलपणाला गुण नाहीत. नवख्यांना ताल नवा असतो, त्यामुळे त्यांच्या लक्षाला खरं काम पडतं. वर्षानुवर्षं तबला वाजवणाऱ्याला केरवा धरायला लक्षच द्यावं लागत नाही. त्याला झपताल (दहा मात्रांचा ताल) उलट मोजायला द्यावा लागतो.

तोंडाची किंवा स्वरयंत्राची शस्त्रक्रिया झाली आहे. आवाजच नाही.

लक्षाच्या पायऱ्यांपैकी पहिल्या तीन हाताने होतात. ‘बदल’ समोरचा म्हणतो. चौथ्या पायरीत नावं बोलण्याऐवजी चित्रांच्या कार्डांवर बोट ठेवा. सरगमसाठी सात रंगांच्या पट्ट्या किंवा हार्मोनियमच्या सात पट्ट्यांवर चिकटवलेले ठिपके वापरता येतात. तोंड आलं असेल तर गाणं बंद, फक्त ऐकणं. गिळण्या-बोलण्याचे व्यायाम स्पीच थेरपिस्टने दिलेले असतील तर आधी ते, मग हे.

हाताला मुंग्या येतात, बधिरपणा आहे. टाळ्या-वाद्यं जमतील का?

पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन, विन्क्रिस्टीन, बोर्टेझोमिब यांनी बोटांच्या नसांवर परिणाम होतो. बोटांनी मोजणं सोडून तळहात मांडीवर मारा, किंवा बसून पायाने ठोका द्या. पायही बधिर असतील तर उभं राहून ठोका देऊ नका, तोल जातो. ऑक्सॅलिप्लॅटिनच्या डोसनंतरचे काही दिवस थंड धातूचा स्पर्शही झोंबतो, तेव्हा पितळी टाळ दूर ठेवा आणि लाकडी चिपळ्या घ्या.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताने हार्मोनियम उचलणं, ढोलकी खांद्याला अडकवणं टाळा. हाताला सूज येण्याचा धोका असतो. प्लेटलेट कमी असताना तबला-ढोलकी वाजवू नये, हातावर रक्त साकळतं. पांढऱ्या पेशी घसरलेल्या असताना सामूहिक सत्राला जाऊ नका आणि बासरीसारखं तोंडाला लावायचं वाद्य कोणाबरोबरही वाटून घेऊ नका.

कोणता राग ऐकावा?

अमुक रोगाला अमुक राग, असे तक्ते सगळीकडे फिरतात. त्यांना चाचण्यांचा आधार नाही. कोणताही राग कॅन्सर बरा करत नाही, गाठ विरघळवत नाही. ‘अमुक हर्ट्झ’च्या ध्वनिफितीही ते करत नाहीत. असा दावा करणारी व्यक्ती औषध थांबवायला सांगत असेल तर त्या क्षणी तिथून निघा. सकाळी भूप ऐकून तुम्हाला शांत वाटत असेल तर जरूर ऐका, भजन आवडत असेल तर भजन. संगीत ऐकून अंगावर रोमांच येतात तेव्हा मेंदूत डोपामिन स्रवतं, हे मॉन्ट्रियलमधल्या २०११च्या संशोधनाने दाखवलं आहे, आणि ते संगीत ज्याच्या-त्याच्या आवडीचं होतं.

काम करताना मागे गाणी लावावीत का?

वाचताना, हिशेब करताना, ई-मेल लिहिताना शब्दांची गाणी नकोत. गाण्यातले शब्द आणि कागदावरचे शब्द एकाच जागेसाठी भांडतात आणि हरतो तो कागद. नुसतं वाद्यसंगीत काहींना चालतं, काहींना तेही नाही. आठवडाभर दोन्ही करून बघा. भांडी घासणं, घड्या घालणं यांसारख्या कामांना गाणी लावायला हरकत नाही. गॅससमोर मात्र नकोत.

जुनी गाणी लावली की रडू येतं. थांबवावं का?

लगेच बंद करायची गरज नाही. रडून हलकं वाटत असेल तर तो उपचाराचाच भाग आहे. पण रडल्यानंतर तासन्‌तास खिन्नता राहत असेल, झोप उडत असेल, किंवा एखादं गाणं थेट किमो वॉर्डची आठवण आणत असेल, तर ते गाणं यादीतून काढा आणि थेरपिस्टला सांगा. उपचार चालू असताना रोज एकच गाणं ऐकलं असेल तर ते पुढे नकोसं होऊ शकतं. म्हणून अगदी लाडकं गाणं किमोच्या खुर्चीत लावू नये, असं आम्ही सांगतो.

फरक कधी दिसतो, आणि मोजायचा कसा?

झोप आणि मनःस्थितीत दोन-तीन आठवड्यांत बदल जाणवू शकतो. कामकाजातला बदल बघायला किमान सहा आठवडे द्या. वहीत तीनच गोष्टी लिहा: ठरवलेली चूक आठवड्यात किती वेळा झाली, सरावाचे दिवस किती, झोप किती तास. सरावातले गुण वाढले पण वहीतली चूक कमी झाली नाही, तर सराव कामाशी जोडला गेलेला नाही. उद्दिष्ट किंवा कृती बदलायला हवी. १२ आठवड्यांनी काहीच फरक नसेल तर संगीतोपचार थांबवून पुन्हा कारणं शोधावीत. चाचणी परत घेताना तीच शब्दयादी वापरली तर नुसत्या सवयीनेही गुण वाढतात, म्हणून दुसरी यादी मागा.

लहानपणी कॅन्सर झालेल्या मुलांना उपयोग होतो का?

रक्ताच्या कॅन्सरसाठी पाठीच्या मणक्यातून मेथोट्रेक्सेट दिलेली किंवा डोक्याला रेडिएशन झालेली मुलं पुढे शाळेत मागे पडू शकतात: फळ्यावरचं उतरवायला वेळ लागतो, पाढे डळमळतात. हे कधीकधी एक-दोन वर्षांनी दिसू लागतं, म्हणून त्याचा उपचारांशी संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. मुलांचं सत्र २० ते ३० मिनिटांचं, त्यात हालचाल हवी. भोंडल्यासारखा फेर धरून टाळीचा क्रम बदलत नेणं त्यांना आवडतं. मानसतज्ज्ञांची तपासणी करून घ्या आणि अहवाल शाळेला दाखवा, जादा वेळ मागा. संगीत त्या जादा वेळेची भरपाई करू शकत नाही.

थेरपिस्ट कसा निवडायचा?

अमेरिकेत असाल तर ‘एमटी-बीसी’ हे संगीतोपचारकाचं प्रमाणपत्र विचारा, ब्रिटनमध्ये एचसीपीसीकडे (आरोग्य व्यावसायिकांची नोंद ठेवणारी संस्था) नोंदणी आहे का ते बघा. भारतात ‘संगीतोपचारक’ हे नाव कोणीही लावताना दिसतं, त्यामुळे तुम्हालाच प्रश्न विचारावे लागतील. प्रशिक्षण कुठे आणि किती महिन्यांचं? रुग्णांबरोबर देखरेखीखाली काम केलं आहे का? माझं उद्दिष्ट कसं मोजणार? माझ्या डॉक्टरांशी बोलाल का? चौथ्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर दुसरीकडे जा. चाचणीसाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधा.

भाषा दुय्यम समजू नका. शब्द आठवण्याचा सराव मातृभाषेतच व्हायला हवा. परदेशात मराठी थेरपिस्ट मिळाला नाही तर तालाचं काम तिथे करा आणि अंताक्षरी घरच्यांबरोबर व्हिडिओ कॉलवर. कॉलवर आवाज थोडा मागे पडतो, त्यामुळे दोघांनी एकत्र टाळी धरायला जाऊ नका. ठोका प्रत्येकाने आपापल्या फोनवर लावायचा.

घरच्यांनी काय करावं?

‘अगं, आत्ताच तर सांगितलं!’ हे वाक्य घरातून काढून टाका. त्याऐवजी पहिलं अक्षर सांगा किंवा प्रसंगाची खूण द्या, आणि पाच आकडे मनात मोजून थांबा. एका वेळी एकानेच बोलायचं, टीव्ही बंद करून. सरावाला रोज एकच सोबती असावा, नाहीतर ‘बदल’ कधी म्हणायचं याची पद्धत दर वेळी बदलते. सोबत्याने चुका मोजायच्या, पण मोठ्याने नाही: खिशात दहा शेंगदाणे ठेवा आणि चूक झाली की एक दुसऱ्या खिशात टाका. फेरी संपल्यावर दोघांनी मिळून मोजा आणि आकडा वहीत लिहा.